कोणी बघावं म्हणून न लावलेले दिवे

टोकियो स्टेशनवरून तोकाइदो मार्गाची गाडी पकडली की वीसेक मिनिटांत कावासाकी येतं. टोकियो आणि योकोहामा यांच्या मधोमध दाटीवाटीनं वसलेलं, पंधरा लाखांहून जास्त वस्तीचं हे शहर. इथले लाखो लोक सकाळी राजधानीकडे कामाला जातात, रात्री झोपायला परततात. अशा गावात संध्याकाळी मुद्दाम फिरायला कोण येईल?

येतात! बसची तिकिटं काढून येतात, बोटीत बसून येतात. हिवाळ्यात हवा स्वच्छ असते म्हणून बोचऱ्या थंडीतही येतात. आणि बघतात काय? तेलशुद्धीकरणाचे कारखाने, रसायनांचे कारखाने, वीजकेंद्रं.

पण एकदा अंधार पडू द्या. दिवसा गंजलेल्या करड्या नळ्यांचं जंजाळ वाटणारा कारखाना रात्री डोक्यापासून पायापर्यंत उजळतो. पन्नास-साठ मीटर उंच मनोऱ्यांच्या अंगाखांद्यावर सोनेरी, हिरवट, पांढरे ठिपके चमकतात. वाफेचे ढग खालून पेटल्यासारखे नारिंगी दिसतात. कालव्याच्या काळ्या पाण्यात एकेका दिव्याची लांबच लांब रेघ उतरते. कोणी कलावंतानं महिनोन्‌महिने बसून रोषणाई आखली असावी असं वाटतं. प्रत्यक्षात यातला एकही दिवा कोणी बघावं म्हणून लावलेला नाही.

मग इतके दिवे कशाला?

त्यासाठी त्या मनोऱ्याच्या पोटात डोकवावं लागेल. कच्चं तेल साडेतीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून मनोऱ्यात सोडतात. मनोरा तळाशी प्रचंड गरम असतो आणि जसजसं वर जावं तसतसा थंड होत जातो. तेलाची वाफ वर चढते आणि तिच्यातला प्रत्येक घटक आपापल्या तापमानाचा मजला आला की द्रव होऊन तिथेच थांबतो. तळाला जड तेल, त्याच्यावर डिझेल, मग केरोसीन, मग नाफ्था आणि अगदी माथ्यावर गॅस. एकाच काळ्या चिकट द्रवातून इतके पदार्थ वेगळे होतात, आणि ते वेगळे करणारा मुख्य हात आहे नुसत्या उंचीबरोबर उतरत जाणाऱ्या तापमानाचा!

हे यंत्र संध्याकाळी बंद करून सकाळी परत सुरू करता येत नाही. थंड करायला आणि पुन्हा लयीत आणायला कितीतरी दिवस जातात. म्हणून ते रात्रंदिवस, महिनोन्‌महिने अखंड चालतं. आणि चालतं म्हणजे रात्री दोन वाजताही एखादी झडप तपासायला, एखादा दाब वाचायला माणसाला शिडी चढून वर जावं लागतं. प्रत्येक पायरी दिसली पाहिजे, प्रत्येक कठडा दिसला पाहिजे. कालव्याच्या या काठावरून आपल्याला जो झगमगाट दिसतो तो असा आहे: एकेक ठिपका म्हणजे कोणाच्या तरी पावलाखालचा उजेड. म्हणून तर ते ठिपके नागमोडी वर चढत जातात. तो जिन्याचाच आकार असतो.

त्यातला एक दिवा जवळून पाहू. जिथे ज्वलनशील वाफ हवेत मिसळण्याचा धोका, तिथे साधा दिवा चालणार नाही, एक ठिणगी पुरे होईल. मग काय करायचं? आपल्याला वाटेल, गॅस आत शिरूच नये असा दिवा घट्ट बंद करत असतील. पण फ्लेमप्रूफ दिव्याची कल्पना याहून धाडसी आहे. गॅस आत शिरणार, आत स्फोटही होणार, हे गृहीत धरूनच तो बनवतात! कवच जाड धातूचं, काच जाड आणि झाकण जिथे कवचावर बसतं तिथे मिलिमीटरच्या काही अंशाची फट. आत भडका उडालाच तर पेटलेला वायू त्या फटीतून बाहेर पडता पडता आपली उष्णता धातूला देऊन टाकतो आणि बाहेर येईतो इतका निवतो, की बाहेरच्या गॅसला पेटवण्याची ताकद त्याच्यात उरत नाही. स्फोट दिव्यातल्या दिव्यात जिरतो. लांबून नाजूक दिसणारा तो प्रकाशाचा कण म्हणजे असा चिलखत घातलेला पहारेकरी आहे.

आणि त्या उंच चिमणीच्या टोकावर फडफडणारी ज्योत? तो फ्लेअर. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी जे काम करते तेच काम इथे ही ज्योत करते. यंत्रणेत कुठे दाब वाढला, कुठे गॅस जास्त झाला की तो या नळीतून वर नेऊन जाळून टाकतात. तसाच हवेत सोडला तर एखादी ठिणगी मिळून अनर्थ व्हायचा. शिवाय जळून तयार होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा न जळलेला मिथेन पृथ्वी जास्त तापवतो. म्हणून टोकाशी एक छोटी ज्योत कायम तेवत ठेवलेली असते, कधी मोठा लोट येईल आणि त्याला पेटवावं लागेल याचा नेम नाही. तिचा नारिंगी रंग गॅसचा नव्हेच. गॅस जळताना कार्बनचे सूक्ष्म कण तयार होतात, ते तापून लालबुंद होतात आणि रंग दिसतो तो त्या काजळीचा. म्हणूनच ज्योतीत वाफेचा झोत सोडून काजळी कमी करतात.

रंगांची बाकीची गोष्टही अशीच, कोणी न ठरवता घडलेली आहे. सोनेरी दिवे सोडियमचे, निळसर-हिरवट असतील तर जुने पाऱ्याच्या वाफेचे, स्वच्छ पांढरे बहुधा नवे एलईडी. ज्या काळात जो दिवा परवडला आणि टिकला तो लावला, इतकंच. लाल दिवे मात्र विमानांसाठी. जपानमध्ये साठ मीटर किंवा त्याहून उंच बांधकामांना इशाऱ्याचे दिवे लावावे लागतात. इथे तर तामा नदीच्या मुखापलीकडे हानेदा विमानतळच आहे.

या सगळ्यात मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट मात्र कारखान्यात नाही, त्याच्या डोक्यावर आहे. इथले जाणकार सांगतात की गडद रात्र होण्याआधी या, सूर्य मावळल्यानंतर आकाश गर्द निळं होतं तेव्हा या. हा निळा येतो कुठून? दिवसा आकाश निळं दिसतं ते हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात म्हणून, हे आपण शाळेत शिकलो. पण सूर्य क्षितिजाखाली गेल्यावर नुसत्या त्या कारणानं डोक्यावरचं आकाश फिकट पिवळट व्हायला हवं होतं! ते निळं राहतं कारण तिरपे आलेले किरण ओझोनच्या थरातून फार लांबचा प्रवास करतात आणि ओझोन त्यांच्यातला पिवळा-नारिंगी भाग शोषून घेतो. हे शोषण सर्वांत जोरात होतं ५७५ आणि ६०३ नॅनोमीटरच्या आसपास. आणि सोडियमच्या प्रकाशाचं ठाणं कुठे? ५८९ नॅनोमीटरजवळ. बरोबर मधोमध! वर वीसेक किलोमीटरवर ओझोन जो रंग गाळून घेतो, नेमका तोच रंग खाली कारखान्यातले दिवे ओतत असतात. निळ्यावर सोनेरी इतकं खुलून दिसतं ते यामुळे. कोणाच्याही ध्यानीमनी नसताना एवढी रंगसंगती जुळून यावी!

आता पायाखाली बघा. आपण उभे आहोत ती जमीन शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी समुद्र होती. तिला वर काढलं असानो सोइचिरो नावाच्या माणसानं. १८४८ साली जन्मलेला हा खेड्यातला मुलगा टोकियोत येऊन आधी रस्त्यावर साखरपाणी विकत होता. पुढे योकोहामाच्या गॅस कारखान्यात कोणाला नको असलेला कोक (गॅस काढून घेतल्यावर उरणारा कोळसा) त्यानं उचलला आणि सिमेंट कारखान्याला जळण म्हणून विकला. नंतर तो सिमेंट कारखानाच त्याच्याकडे आला. १८९६-९७मध्ये युरोप-अमेरिकेत गेला तेव्हा त्यानं पाहिलं की तिथे मोठी जहाजं थेट धक्क्याला लागतात. घरी मात्र माल छोट्या होड्यांत उतरवून किनाऱ्याला आणावा लागे. मग कारखाना आणि धक्का एकाच जागी का नको? १९१३मध्ये भराव टाकायला सुरुवात झाली, १९२८मध्ये काम संपलं, सुमारे ५०० हेक्टर नवी जमीन तयार झाली. पैशाचं पाठबळ देणाऱ्यांत बँकर यासुदा झेंजिरो होते, उद्योजक शिबुसावा एइइची होते. हे शिबुसावा तेच, ज्यांच्या खटपटीमुळे आणि आपल्या जमशेटजी टाटांच्या साथीनं १८९३मध्ये मुंबईचा कापूस जपानी जहाजांतून थेट कोबेला जाऊ लागला.

या भरावावरून धावणारा त्सुरुमी रेल्वेमार्ग आजही त्या माणसांची हजेरी घेतो. असानो हे स्टेशनचं नाव. आनझेन हे यासुदांच्या नावावरून, ओकावा कागदउद्योजक ओकावा हेइझाबुरो यांच्यावरून. आणि एका फाट्याच्या टोकाला उमि-शिबाउरा: फलाटाच्या कठड्याखाली थेट पाणी, समोर त्सुरुमी त्सुबासा पुलाचे दिवे. या स्टेशनातून बाहेर पडायचा रस्ता फक्त तोशिबाच्या आवारात जातो, म्हणजे कामगार नसाल तर तुम्हाला स्टेशनाबाहेर जाताच येत नाही! तरी लोक ते पाणी बघायला येतच राहिले. शेवटी १९९५मध्ये कंपनीनं आपल्याच जागेत, स्टेशनाला लागून, त्यांच्यासाठी छोटी बाग केली. मला ही बाग फार आवडते. दार उघडता येत नव्हतं, तर निदान बाक टाकले.

या उजेडाची किंमत कावासाकीनं मोजली आहे, तीही सांगायला हवी. इथल्या धुरानं कितीतरी लोकांना दमा जडला. १९८२मध्ये रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांनी कंपन्यांवर आणि सरकारवर खटला भरला. कंपन्यांशी समझोता झाला १९९६मध्ये, सरकारशी १९९९मध्ये. आज बोटीतून आपण मोकळा श्वास घेत हे दिवे बघतो, ते या माणसांनी सतरा वर्षं लढत दिली म्हणूनही.

कारखान्यांच्या या रूपावर जीव जडलेले लोक आधी विखुरलेले होते. २००७मध्ये त्यांच्या वेडाला नाव देणारं एक छायाचित्रांचं पुस्तक आलं आणि एकदम गर्दी झाली. २०१०पासून कावासाकीत नियमित बससहली निघू लागल्या. २०११च्या २३ फेब्रुवारीला मुरोरान, योक्काइची, किताक्युशू आणि कावासाकी या चार शहरांची ‘कारखाना रात्रदर्शन’ परिषद इथेच भरली, आणि आता तो दिवसच कारखान्यांच्या रात्रदृश्याचा दिवस म्हणून पाळतात. जायचं असेल तर चिदोरी-चो भागात रस्त्यावरूनच मनोरे अगदी अंगावर आल्यासारखे दिसतात, आणि बंदराजवळच्या ‘कावासाकी मारियन’च्या ५१ मीटर उंचीवरच्या निरीक्षण कक्षातून भरावाची सगळी बेटं एका नजरेत येतात.

मात्र हे दृश्य बदलतं आहे. सोडियमचे दिवे जाऊन एलईडी येत आहेत, म्हणजे ओझोनशी जुळणारा तो सोनेरी रंग हळूहळू ओसरणार. ओगिशिमा बेटावरच्या पोलाद कारखान्याची झोतभट्टी सप्टेंबर २०२३मध्ये कायमची थंडावली. तिच्या जागेवर द्रवरूप हायड्रोजन उतरवून घेण्याचं केंद्र उभारायची योजना आहे. हायड्रोजनची गंमत अशी, की त्यात कार्बन नाही, म्हणून काजळी नाही, आणि काजळी नाही म्हणून रंगही नाही. त्याची ज्योत डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. दिवसाउजेडी समोर पेटलेली असली तरी माणूस थेट तिच्यात चालत जाऊ शकतो. म्हणून हायड्रोजन हाताळतात तिथे ज्योत शोधण्याचं काम अतिनील आणि अवरक्त किरण टिपणाऱ्या यंत्रांकडे सोपवतात.