सरासरी माणसाची खुर्ची

मंगल कार्यालयात लग्नसमारंभ रंगात आलेला असतो. अक्षता पडतात, सनई-चौघडा वाजतो आणि पाहुणे मिळेल त्या खुर्चीवर टेकतात. एक गृहस्थ मात्र भिंतीला पाठ लावून उभेच असतात. वय पन्नाशीच्या पुढचे, वजन दीडशे किलोच्या आसपास. वधूपिता लगबगीने येऊन म्हणतो, "भाऊसाहेब, उभे का? बसा ना!" त्यावर ते हसून उत्तर देतात, "असू द्या, बसून बसून कंटाळलो." हे उत्तर खोटे असते. त्यांचे गुडघे ठणकत असतात, कंबर भरून आलेली असते. परंतु समोर मांडलेल्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचे हात आपल्याला आवळतील आणि गुळगुळीत फरशीवर त्यांचे पाय फाकतील, ही भीती त्यांना बसू देत नाही. पूर्वी एकदा अशी खुर्ची मोडलेली असते, आणि खुर्ची मोडल्यापेक्षा त्यानंतर उठलेले हसे अधिक लक्षात राहिलेले असते. जेवणाच्या आधीच ते काहीतरी निमित्त सांगून निघून जातात. पुढच्या लग्नाला ते येत नाहीत.

अशी माणसे प्रत्येक गावात आणि बहुतेक प्रत्येक गोतावळ्यात असतात. त्यांच्या आहाराविषयी आणि आळसाविषयी सर्वांना मते असतात. त्यांच्या हालचालीविषयी, म्हणजे ती घरातून निघून दुसऱ्याच्या घरी पोचतात कशी आणि तेथे बसतात कोठे, याविषयी मात्र क्वचितच कोणी विचार केलेला असतो. वरवर पाहता हा शिष्टाचाराचा लहानसा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात तो सार्वजनिक सोयींची मापे कोण ठरवतो आणि त्या मापात न बसणाऱ्याचा खर्च कोणी सोसायचा, असा अर्थशास्त्राचाही प्रश्न आहे.

एका माणसाचे ६८ किलो

एकोणिसाव्या शतकात बेल्जियममध्ये आडोल्फ केतले नावाचा एक गणिती व ज्योतिर्विद होऊन गेला. माणसांच्या उंचीची, वजनाची, छातीच्या घेराची मोजमापे गोळा करून त्याने १८३५ साली 'सरासरी माणूस' ही कल्पना मांडली. वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याचे गणितही त्याचेच. त्याच भागाकाराला १९७२ साली अमेरिकन शास्त्रज्ञ अँसेल कीज याने 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिले आणि आज प्रत्येक दवाखान्यात तो वापरला जातो. केतलेला लोकसंख्येचे वर्णन करायचे होते, रोगनिदान करायचे नव्हते. परंतु सरासरी एकदा काढली की ती केवळ वर्णन म्हणून राहत नाही; कारखानदार, स्थापत्यविशारद आणि सरकारी खाती तिला नमुना मानून वस्तू घडवू लागतात.

याचे उदाहरण पाहावयास दूर जावे लागत नाही. इमारतीच्या लिफ्टमधील पाटी वाचावी. सहा माणसे, ४०८ किलो. आठ माणसे, ५४४ किलो. दहा माणसे, ६८० किलो. भागाकार केला तर प्रत्येक वेळी ६८ हाच आकडा येतो. लिफ्टच्या हिशेबी माणूस म्हणजे ६८ किलो. १३६ किलोचा माणूस आत शिरला की तो त्या हिशेबाने बरोबर दोन माणसे होतो. घंटा वाजते ती अनेकदा नववा माणूस घुसल्यामुळे. पण सर्वांच्या नजरा वळतात त्या एकाच माणसाकडे, आणि बहुधा तोच मुकाट्याने बाहेर पडतो.

यंत्राला भारमर्यादा हवी, याबद्दल वाद नाही. निदान लिफ्टवर ती लिहिलेली तरी असते. खुर्ची, पलंग, बाक, झोपाळा, भिंतीला अडकवलेला कमोड यांवर ती लिहिलेली नसते. ती अनुभवाने, म्हणजे अपमानाने, कळते.

प्रवास नावाची परीक्षा

या मंडळींची संख्या किती? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१५-१६ साली १५ ते ४९ या वयोगटातील २०.६ टक्के स्त्रियांचा हा निर्देशांक २५ किंवा त्याहून अधिक होता. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण २४ टक्के झाले. पुरुषांच्या बाबतीत ते १८.९ वरून २२.९ टक्क्यांवर गेले. अर्थात यातील बहुसंख्य लोक थोडेफार स्थूल आहेत. त्यांना खुर्चीची भीती नाही. तीव्र स्थूलतेची सीमा सामान्यतः ४० मानली जाते, म्हणजे पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाचे वजन सुमारे १०९ किलो. त्या सीमेपलीकडचे लोक तुलनेने थोडे. आणि नेमके थोडे असल्यामुळेच बाजार त्यांच्याकडे पाहत नाही. मांडववाला शंभर खुर्च्या आणतो त्या एकाच साच्याच्या, कारण एकावर एक रचता येतात आणि स्वस्त पडतात. शंभरांतील दोन खुर्च्या बिनहाताच्या, लोखंडी असाव्यात, ही मागणी करणारा गिऱ्हाईक नसतो. ज्याला ती हवी असते तो गिऱ्हाईक नसून पाहुणा असतो, आणि पाहुण्याने मागणी करावयाची नसते.

अशा माणसाच्या एका साध्या भेटीचा हिशेब मांडून पाहावा. जिल्ह्याच्या गावी राहणारी एक निवृत्त शिक्षिका भाचीच्या बारशासाठी मुंबईला निघाली आहे, असे समजा. एस.टी.ची पायरी उंच. एक पाय वर टाकून दांडीला लोंबकळत चढावे लागते आणि मागचे लोक घाई करीत असतात. दोघांच्या बाकावर ती बसली की शेजारचा प्रवासी अंग चोरून बसतो आणि वाटेत दोन-तीनदा सुस्कारा टाकतो. तो सुस्कारा तिला ऐकू जातो. प्रवासात स्वच्छतागृहाला जावे लागू नये म्हणून तिने सकाळपासून पाणी प्यायलेले नसते. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथ्याला जागा देण्याची मुंबईची जुनी रीत आहे. तेथे ती बसली तर चौथी सीट नाहीशी होते, म्हणून ती दाराजवळच्या मोकळ्या जागेत उभी राहते. शेअर रिक्षावाला दोन माणसांचे भाडे मागतो; ते ती न बोलता देते. शेवटी भाचीचे घर येते. ते तिसऱ्या मजल्यावर असते आणि इमारतीला लिफ्ट नसते.

रेल्वेत खालची बर्थ देताना वय, गरोदरपण आणि अपंगत्व यांचा विचार होतो. देहभाराचा होत नाही. मधल्या बर्थवर जिला चढताच येत नाही ती बाई रात्रभर सहप्रवाशांची मनधरणी करीत बसते. या सर्व गोष्टींची किंमत पैशात थोडी असेल. पण ती दर भेटीला नव्याने मोजावी लागते. अर्थशास्त्राच्या साध्या नियमानुसार ज्या गोष्टीची किंमत वाढत जाते तिची मागणी घटते. येथे ती गोष्ट म्हणजे माणसांचा सहवास.

यजमानाचे घर

महाराष्ट्रीय घरात पाहुण्याची झोपण्याची सोय म्हणजे बहुधा जमिनीवर घातलेली गादी. त्यात आपुलकी असते यात शंका नाही. परंतु १४० किलोचे शरीर रात्री जमिनीवरून उठवणे म्हणजे काय, हे त्या शरीरात राहणाऱ्यालाच ठाऊक. आधाराला काही नसले तर तो माणूस पहाटेपर्यंत तसाच पडून राहतो. जी गोष्ट गादीची तीच पाटाची. पूजेला मांडी घालून बसणे, पंगतीत पाटावर बसणे, बैठ्या संडासात बसून पुन्हा उठणे, ही सारी आपल्या संस्कृतीने स्वाभाविक मानलेली आसने गुडघा वाकेल हे गृहीत धरतात. झोपेत श्वास अडकण्याचा विकार स्थूल व्यक्तींमध्ये पुष्कळ आढळतो. त्यासाठी काहींना रात्री श्वसनयंत्र लावावे लागते आणि पलंगाजवळ विजेचे बटण लागते. हे बटण आहे की नाही, एवढ्यावरच कोणी मुक्काम करतो वा करीत नाही.

मग भोजनाचा प्रसंग. आग्रह हा आपल्याकडे अगत्याचा आत्मा समजला जातो. स्थूल पाहुण्याच्या वाट्याला मात्र तो दोन परस्परविरोधी रूपांत येतो. एक वाढपी म्हणतो, "एवढ्याने तुमचे काय होणार? घ्या आणखी दोन जिलब्या." दुसऱ्या बाजूने एखाद्या मावशी म्हणतात, "पुरे कर रे आता, तब्येत बघ." त्याने खाल्ले तरी चर्चा, न खाल्ले तरी चर्चा. चारचौघांत निमूटपणे जेवण्याचा हक्क, जो पंगतीतल्या लहान मुलालाही असतो, तो त्याला नसतो.

यजमानाने करावयाच्या गोष्टी फार नाहीत. पाहुणा यायच्या आधी त्याच्याशी खासगीत, फोनवर, सरळ बोलावे: जिना किती पायऱ्यांचा आहे, कमोड जमिनीवर बसवलेला आहे की भिंतीला अडकवलेला, झोपायला पलंग आहे की नाही. बैठकीत एक भक्कम, बिनहाताची खुर्ची असावी आणि ती एकट्यासाठी राखून ठेवल्यासारखी नव्हे, तर इतरांत मिसळून ठेवलेली असावी. लांब चालण्याचा बेत असल्यास आधी सांगावे, म्हणजे नकार देण्याची वेळ सर्वांसमोर येत नाही. आणि वजनाचा विषय पाहुण्याने काढल्याखेरीज काढू नये. यात उपकार कसला? आजीसाठी पंख्याखालची जागा आणि मधुमेही काकांसाठी बिनसाखरेचा चहा आपण ठेवतोच.

दोषाचा प्रश्न

यावर एक आक्षेप हमखास येतो: ज्याने खाऊन वजन वाढवले त्याची सोय समाजाने का करावी? जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून असे दिसते की शरीरभाराच्या फरकातील सुमारे ४० ते ७० टक्के वाटा आनुवंशिकतेचा असतो. उरलेल्यात स्वस्त तेल-साखर, बैठे काम, अपुरी झोप, काही औषधे आणि काही आजार येतात. एकदा वाढलेले वजन उतरवू लागले की शरीर भूक वाढवून आणि ऊर्जेचा व्यय कमी करून त्याला विरोध करते; म्हणूनच उतरलेले वजन पुष्कळांच्या बाबतीत परत येते. २०२५ साली भारताच्या बाजारात आलेल्या नव्या इंजेक्शनांनी आशा निर्माण केली आहे हे खरे. पण औषधाचा परिणाम दिसेपर्यंत रुग्णाने बसायचे कोठे, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

आणि समजा, दोष पूर्णतः त्याचाच आहे. दारू पिऊन मोटारसायकलवरून पडलेल्या तरुणाला रुग्णालयाचा उतार वापरू नको, असे कोणी म्हणत नाही. शिवाय हेटाळणीने वजन उतरत नाही. जो माणूस खुर्चीच्या भीतीने घरी बसतो तो कमी चालतो, अधिक एकटा पडतो आणि डॉक्टरकडेही उशिरा जातो. तेथेही मापाची तीच कथा. रक्तदाब मोजण्याचा पट्टा लहान पडला तर दाब खोटा वाढलेला दिसतो. नेहमीच्या वजनकाट्याची मर्यादा संपते. तपासणीच्या यंत्राच्या पोकळीत देह मावत नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये इमान अहमद या इजिप्शियन स्त्रीला मालवाहू विमानाने उपचारांसाठी मुंबईत आणले गेले आणि क्रेनने उचलून रुग्णालयातील तिच्यासाठी तयार केलेल्या खोलीत नेण्यात आले. ते दृश्य जगाने पाहिले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबू धाबी येथे तिचा अंत झाला. क्रेनचे छायाचित्र लोकांच्या स्मरणात राहिले. आपल्या शहरातील किती दवाखान्यांत मोठ्या मापाचा साधा पट्टा आहे, असे त्यानंतरही फारसे कोणी विचारले नाही.

कायदा आणि खर्च

कॅनडाच्या परिवहन नियामक यंत्रणेने जानेवारी २००८ मध्ये असा निर्णय दिला की, स्थूलतेमुळे अपंगत्व आलेल्या प्रवाशाकडून देशांतर्गत विमानप्रवासात दुसऱ्या आसनाचे भाडे घेऊ नये: एक माणूस, एक भाडे. विमान कंपन्यांनी खर्चाची तक्रार केली. यंत्रणेच्या अंदाजानुसार तो भार एअर कॅनडाला दर तिकिटामागे सुमारे ७७ सेंट आणि वेस्टजेटला सुमारे ४४ सेंट इतका होता. त्याच वर्षी तेथील सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांचे अपील ऐकण्यास नकार दिला. एका माणसावर पडलेला असह्य भार हजारांत वाटला की तो चिल्लरीत मोजता येतो. विम्याचे सारे तत्त्व याहून निराळे नाही. डिसेंबर २०१४ मध्ये युरोपीय न्यायालयाने एका डॅनिश बालसंगोपकाच्या खटल्यात म्हटले की, स्थूलतेमुळे दीर्घकाळ कामात इतरांच्या बरोबरीने सहभागी होता येत नसेल तर ती अपंगत्व ठरू शकते.

आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या परिशिष्टात २१ प्रकार आहेत. त्यांत स्थूलता नाही. परंतु त्याच कायद्याची मूळ व्याख्या उदार आहे: दीर्घकालीन न्यूनता आणि भोवतालचे अडथळे यांच्या संयोगातून सहभागास बाधा येणे म्हणजे अपंगत्व. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जागांच्या सुगम्यतेचे निकष केवळ शिफारसवजा न राहता बंधनकारक असावेत, असा आदेश दिला. ते निकष ठरवताना चाकाच्या खुर्चीबरोबरच बसण्याच्या खुर्चीचाही विचार झाला पाहिजे. प्रतीक्षालयात काही बिनहाताचे भक्कम बाक, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, बसची पायरी खाली आणि आसनांवर भारमर्यादेची छापील नोंद, एवढ्या गोष्टींना मोठी योजना लागत नाही. त्यांचा लाभ वृद्धांना, गरोदर स्त्रियांना आणि पाय मोडलेल्यांनाही मिळेल.

केतलेचा सरासरी माणूस कागदावर जन्मला. तो कोणाच्या घरी पाहुणा म्हणून कधी आला नाही. येतात ते काका, आत्या, जुने शिक्षक, बालमित्र, आणि ते आपापल्या देहासह येतात. कार्यालय ठरवताना वधूपिता शंभर गोष्टींची चौकशी करतो. मांडववाल्याला आणखी एकच वाक्य सांगावे: चार खुर्च्या लोखंडी, बिनहाताच्या पाठवा. म्हणजे भिंतीशी उभे असलेले भाऊसाहेब बसतील, जेवतील, आणि पुढच्या लग्नालाही येतील.