चार रुपयांचा स्क्रू आणि अकरा दिवसांची गॅप

पीएचडीच्या तयारीत आपण पेपर वाचतो, सॉफ्टवेअर शिकतो, पण स्क्रू कसा निवडायचा हे कोणी शिकवत नाही. मलाही नव्हतं शिकवलं. म्हणून आज जरा वेगळा विषय.

माझा तापमान आणि आर्द्रता मोजणारा लॉगर रत्नागिरीत समुद्रापासून हाकेच्या अंतरावर एका गच्चीवर बसवलेला होता. खोका आणि झाकण ३०४ स्टेनलेसचं. जूनमध्ये घाईत झाकणाला चार एम५ स्क्रू लावले, झिंक प्लेटिंगचे, कारण तेच हाताशी होते. ऑगस्टमध्ये बॅटरी बदलायला गेलो तर डोक्यातली खाच गंजाने भरलेली. जोर लावला आणि एक स्क्रू तुटला. ड्रिल करून तो काढेपर्यंत, नवे आटे पाडेपर्यंत अकरा दिवस गेले. ऐन पावसाळ्यातला डेटा नाही. ग्राफ बघून सरांनी विचारलं, "ही गॅप कसली?" काय सांगणार?

तेव्हापासून स्क्रू घेताना मी स्वतःला पाच प्रश्न विचारतो.

१. हवा कशी आहे? झिंकचा थर साधारण ५ ते ८ मायक्रॉनचा असतो. झिंक स्वतः झिजतं आणि आतलं पोलाद वाचवतं. कोरड्या खोलीत ते पुरतं, खाऱ्या हवेत लवकर संपतं. माझी चूक मात्र दुहेरी होती. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना टेकले की बॅटरीसारखी जोडी तयार होते आणि कमी 'उच्च' धातू झिजतो. झिजणारा भाग छोटा (स्क्रू) आणि समोरचा मोठा (झाकण) असेल तर सगळी झीज त्या छोट्या भागावर येते. उलटी जोडी, म्हणजे मोठ्या ॲल्युमिनियम फ्रेमला स्टेनलेस स्क्रू, त्या मानाने चालते. मध्ये नायलॉनचं वॉशर घातलं तर आणखी बरं.

स्टेनलेसमध्येही फरक आहे. ए२ म्हणजे ३०४ च्या घराण्यातलं, ए४ म्हणजे ३१६ च्या. ए४ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे क्लोराइडने पडणाऱ्या बारीक खड्ड्यांना ते जास्त तोंड देतं. किनाऱ्यावर उघड्यावर ठेवायचं असेल तर ए४ च घ्या.

दुकानातले काका म्हणतात, "बाळा, लोहचुंबक लावून बघ, चिकटत नाही म्हणजे एसएसच." बरोबर, पण ३०४ आणि ३१६ दोन्ही जवळजवळ चिकटत नाहीत, त्यामुळे त्यातला कुठला हे चुंबक सांगत नाही. मोठ्या बोल्टच्या डोक्यावर ए२-७० किंवा ए४-८० कोरलेलं असतं. छोट्या स्क्रूवर बहुधा काहीच नसतं, म्हणून पाकीट आणि बिल जपून ठेवा.

२. ताकद किती हवी? ए२-७० मधला ७० म्हणजे तुटण्याची मर्यादा ७०० मेगापास्कल. पोलादी बोल्टवरचा ८.८ असा वाचायचा: ८ म्हणजे ८०० मेगापास्कल, आणि त्याच्या ०.८ पट, म्हणजे ६४० ला तो कायमचा ताणला जायला लागतो. ए२-७० ला ही मर्यादा ४५० आहे. म्हणजे स्टेनलेस गंजत नाही म्हणून जास्त मजबूत, असं अजिबात नाही.

३. आटे कुठले? एम६ चा पिच १ मिमी. परदेशी उपकरणांत पाव इंच, इंचाला २० आटे हा प्रकार सर्रास भेटतो. कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडला तोच असतो. त्याचा व्यास ६.३५ मिमी, पिच १.२७. त्या भोकात एम६ ढिला ढिला आत जातो, थोडा पकडल्यासारखा वाटतो, आणि जोर लावला की आटे जातात. शंका आली तर व्हर्नियर आणि पिच गेज लावा.

४. लांबी किती? पोलादात व्यासाएवढे आटे गुंतले तरी साधारण पुरतं. ॲल्युमिनियममध्ये दीड ते दोन पट धरा. त्याहून लांब स्क्रूने ताकद फारशी वाढत नाही, कारण बहुतेक भार पहिले काही आटेच घेतात.

५. आवळायचा किती? स्क्रू ही एक ताठ स्प्रिंग आहे. आवळताना ती ताणली जाते आणि दोन भाग एकमेकांवर दाबले जातात. जोड टिकतो तो या दाबामुळे. ढोबळ सूत्र: टॉर्क = ०.२ × ताण × व्यास. ए२-७० च्या एम५ ला सुरक्षित ताण सुमारे ४ किलोन्यूटन धरला, तर टॉर्क येतो सुमारे ४ न्यूटन-मीटर. खाली रबरी गॅस्केट असेल तर एवढाही नको, नाहीतर गॅस्केट चिरडेल. तेल लागलं की घर्षण कमी होतं आणि तेवढ्याच टॉर्कला ताण वाढतो, हेही लक्षात ठेवा.

स्टेनलेसवर स्टेनलेस नट फिरवताना ड्रिल वापरू नका. वरचा ऑक्साइडचा पापुद्रा घासून जातो आणि आटे एकमेकांना चिकटून बसतात. मग ना पुढे ना मागे. अँटी-सीझ लावा आणि हाताने सावकाश फिरवा.

आता माझ्या लॅब नोटबुकमध्ये एक ओळ ठरलेली असते: स्क्रूचा आकार, ग्रेड, टॉर्क, बसवल्याची तारीख. पावसाळ्याआधी एकदा सगळे सोडवून परत बसवतो. ती अकरा दिवसांची गॅप थीसिसमध्ये तशीच दाखवणार आहे, भरून काढलेली नाही. डेटा लॉगरमधून येतो खरा, पण लॉगर जागेवर राहतो तो स्क्रूमुळे.