उत्तरेच्या खिडकीतली झाडं

"ऊन येतं का?" नर्सरीत पहिला प्रश्न हाच. नाही म्हटलं की माळीदादा हिरव्या जाळीखालची कुंडी पुढे करतात, "मग हे घ्या ताई, सावलीतलं आहे." त्यांचं चुकत नाही. पण ५० टक्क्यांच्या जाळीतून निम्मा उजेड खाली उतरतो आणि वर सगळं आभाळ मोकळं असतं. मुंबईतल्या उत्तरेच्या ग्रिलवर वरच्या मजल्याचा सज्जा आलेला, समोर दुसरी इमारत. मधे आभाळाची पट्टी दिसेल तेवढाच उजेड. झाडाची निवड या पट्टीवरून करायची, नर्सरीतल्या टवटवीवरून नाही.

मी भर दुपारी ग्रिलमध्ये पांढरा कागद ठेवते आणि वर वीतभर अंतरावर हात धरते. सावलीत बोटं सुटी ओळखू आली तर कोलियस, बेगोनिया, फर्न खुशाल लावावेत. नुसता पुसट डाग पडला तर मनी प्लांट, झीझी, स्नेक प्लांट. काहीच उमटलं नाही तर तिथे कुंडी ठेवून झाडाचे हाल करू नयेत. एकाच ग्रिलच्या दोन टोकांना उत्तरं वेगळी येतात. अंधाऱ्या टोकाला साध्या हिरव्या पानांचं झाड द्यावं. पानावरच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य जवळपास नसतं. उजेड कमी पडला की चट्ट्यापट्ट्यांच्या मनी प्लांटला नवी पानं हिरवीच येऊ लागतात. सिंगोनियमच्या दोन पानांमधलं अंतर लांबत चाललं, तर तेही उजेडच मागत असतं.

उत्तरेला ऊन कधीच येत नाही, असं मात्र समजू नये. मुंबईत १५ मेच्या सुमारास सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो आणि पुढे जुलैच्या अखेरपर्यंत माथ्याच्या उत्तरेला राहतो. त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ इमारतींच्या फटींतून तिरपं ऊन आत घुसतं आणि पीस लिलीची पानं कडेने करपतात. पावसाचे ढग येईपर्यंत तिला मागे सरकवावी.

सावलीतलं झाड उन्हापेक्षा पाण्याने जास्त मरतं. माती लवकर सुकत नाही, मुळं कुजतात. नुसत्या लाल मातीचा चिखल होतो, म्हणून तिच्यात जाड वाळू आणि कोळशाचे तुकडे मिसळावेत. बोट दोन पेरं आत घालून कोरडं लागलं तरच पाणी.

तुळशीला इथे जागा नाही, हे स्वीकारणं जड जातं. पण ती उन्हाची. सावलीत किडकिडीत होऊन जाते. तिच्याऐवजी मी नागवेल लावते. पानमळ्यात शेवगा-पांगाऱ्याच्या सावलीतच ती वाढते, त्यामुळे बऱ्यापैकी उजेडाच्या टोकाला, ओलसर हवेत ती छान रुजते. पानं मळ्यातल्यापेक्षा लहान येतात, पण विड्याला चालतात. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर मनी प्लांट, सिंगोनियम, पीस लिली हाताला लागणार नाहीत इतक्या उंचीवर टांगावीत. त्यांची पानं चावली तर तोंडाची आग होते. नागवेलीचं तसं नाही, ती खाली राहिली तरी चालते.