दिव्याची किंमत आणि उजेडाचा भाव

धान्याच्या व्यवहारात केवळ पोत्याची किंमत पाहून सौदा करणारा फार काळ टिकत नाही. पोत्यात दाणा किती व कोंडा किती, हे पाहूनच भाव ठरतो. परंतु घरचा दिवा खरेदी करताना मुरलेले व्यापारीही हा नियम पाळीत नाहीत, असे आमच्या पाहण्यात आहे.

दिव्याच्या वेष्टनावरील दोन आकडे ध्यानात घ्यावेत. वॅट हा खर्ची पडणाऱ्या विजेचा आकडा, तर ल्यूमेन हा मिळणाऱ्या उजेडाचा. जुना तारेचा बल्ब 60 वॅट घेऊन सुमारे 700 ल्यूमेन उजेड देतो. टंगस्टनची तार अतिशय तापल्यावाचून प्रकाशत नाही. त्यामुळे नव्वद टक्क्यांहून अधिक वीज उष्णतेतच जाते. क्विंटलभर मालात नव्वद किलो कोंडा निघावा, तसाच हा प्रकार होय! सी.एफ.एल. दिवा जवळपास तेवढाच उजेड 14 वॅटमध्ये देतो. मात्र त्यात अल्पसा पारा असल्याने तो फुटल्यास जपावे लागते. एल.ई.डी. दिव्यास 9 वॅट पुरतात, आणि त्यात पाराही नसतो. ज्या निळ्या एल.ई.डी.मुळे पांढरा उजेड साधला, तिच्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा यांस 2014 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता जमाखर्च मांडू. रोज 5 तास दिवा जळाल्यास वर्षास अनुक्रमे 109.5, 25.5 व 16.4 युनिटे लागतात. युनिटास 6 रुपये धरले, तरी तारेच्या बल्बाऐवजी एल.ई.डी. लावल्याने एका दिव्यामागे साडेपाचशे रुपयांवर बचत होते. शिवाय तारेचा बल्ब सुमारे 1,000 तास टिकतो, चांगला एल.ई.डी. त्याच्या पंधरापट तरी.

भावाची कथाही व्यापाऱ्यास बोधप्रद आहे. 2014 साली सरकारी खरेदीत एका एल.ई.डी. दिव्यास 310 रुपये पडले होते. 2015 च्या उजाला योजनेने देशभरची मागणी एकत्र केली, आणि 2016 मध्ये हा भाव 40 रुपयांच्या आत आला. घाऊक खरेदीचे बळ ते हेच!

मात्र स्वस्ताईबरोबर खोटा मालही बाजारात येतो. ज्या दिव्यावर ल्यूमेनचा आकडा नाही व भारतीय मानक ब्यूरोची खूण नाही, तो आपल्या सभासदांनी घरी लावू नये. आणि ज्यांचे विद्युत् सामानाचे दुकान आहे, त्यांनी तर तो विकूही नये. माप झाकून विकलेला माल धान्याचा असो वा उजेडाचा, त्याने पेढीची पत जाते. ती पत सांभाळणे हेच आपणां सर्वांचे कर्तव्य होय.