मित्राचा डळमळता आधार

लढाई दोन पक्षांत होते असे आपण म्हणतो. पण लहान देश जेव्हा लढतो, तेव्हा बहुधा तिसराही एक पक्ष असतो. तो रणांगणावर दिसेलच असे नाही. मात्र दारूगोळा त्याचा, विमाने त्याची, पेट्रोल त्याचे, आणि कित्येकदा शिपायाच्या हातात पडणारा पगारही आडवाटेने त्याचाच. अशा बलाढ्य मित्राने साफ 'नाही' म्हटले तर काय होईल, हे कोणीही सांगेल. परंतु तो तोंडाने 'होय' म्हणत राहिला आणि हात मात्र आखडता घेऊ लागला, तर? मग काय होते? दक्षिण व्हिएतनामच्या शेवटच्या दोन वर्षांत याचे उत्तर फार स्पष्टपणे सापडते, म्हणून तीच हकिगत तुमच्यापुढे ठेवतो.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. १९५४ साली जिनिव्हाच्या परिषदेत व्हिएतनामचे सतराव्या अक्षांशावर दोन भाग झाले. उत्तरेत हानोयचे कम्युनिस्ट सरकार, दक्षिणेत सायगॉनचे सरकार. त्या करारावर देखरेख करणाऱ्या आयोगाचे अध्यक्षपद आपल्या भारताकडे होते. पुढे दक्षिणेच्या बाजूने अमेरिका युद्धात उतरली आणि एका वेळी तिचे पाच लाखांच्या वर सैनिक तिथे होते. अखेर थकून २७ जानेवारी १९७३ रोजी पॅरिसला तह झाला. साठ दिवसांत अमेरिकेचे सैन्य परत जाणार असे ठरले, आणि ते गेलेही. पण उत्तरेचे दक्षिणेत शिरलेले सैन्य, अंदाजे दीड लाख, होते तिथेच राहिले! करारात त्यांनी निघून जावे असे कुठेही म्हटले नव्हते.

असला तह दक्षिणेचे अध्यक्ष थिऊ यांनी मान्य तरी कसा केला? सुरुवातीला त्यांनी तो झिडकारलाच होता. तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी त्यांना खाजगी पत्रे लिहिली. हानोयने करार मोडला तर अमेरिका तत्काळ आणि कठोर प्रत्युत्तर देईल, असे वचन १९७२ च्या नोव्हेंबरात आणि पुन्हा १९७३ च्या जानेवारीत त्यांनी दिले. बरोबर दटावणीही होती, की सही केली नाहीत तर मदत बंद होईल. थिऊंनी सही करू दिली आणि पत्रे जपून ठेवली.

गोम इथेच आहे. पत्र लिहिणारा एक आणि थैली धरणारा दुसरा, अशी अमेरिकेची राज्यघटना आहे. पैसा मंजूर करते ती काँग्रेस, म्हणजे त्यांची संसद. आणि या पत्रांचा तिला पत्ता नव्हता. १९७३ च्या उन्हाळ्यात काँग्रेसने कायदा करून टाकला, की १५ ऑगस्टनंतर हिंदी-चीनमध्ये अमेरिकेने बॉम्बफेक करता कामा नये. नोव्हेंबरात अध्यक्षाच्या युद्धविषयक अधिकारांवर आणखी एक बंधन आले, तेही निक्सन यांचा नकाराधिकार डावलून. म्हणजे वचनाचे वय सात महिन्यांचे सुद्धा भरले नाही. थिऊंना हे कायदे वाचता येत नव्हते असे नाही. पण ज्या देशात अध्यक्षाचा शब्द म्हणजे कायदा, त्या देशात वाढलेल्या माणसाला दुसऱ्या देशाच्या अध्यक्षाचा शब्द त्याच्याच संसदेपुढे टिकत नाही, हे मनातून पटत नसावे. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातली ही सर्वांत महाग पडलेली गैरसमजूत होय.

आता त्या सैन्याकडे पाहू. दक्षिणेचे सैन्य अमेरिकनांनी आपल्या वळणावर घडविले होते. आधी तोफांचा भडिमार, मग विमाने, मग पायदळ. जखमी झाला तर हेलिकॉप्टर येणारच. तहापूर्वी घाईघाईने अमेरिकेने आणखी शेकडो विमाने, हेलिकॉप्टरे, रणगाडे तिथे आणून ओतले. संख्येने पाहाल तर दक्षिण व्हिएतनामचे हवाई दल जगातल्या मोठ्या हवाई दलांत जमा झाले. पण यंत्र फुकट मिळाले म्हणून ते फुकट चालत नाही. त्याला सुटे भाग लागतात, कुशल कारागीर लागतो, आणि तेल तर रोजच लागते.

आणि नेमके तेलच कडाडले. १९७३ च्या अखेरीस पश्चिम आशियातील युद्धानंतर जगात तेलाच्या किमती जवळजवळ चौपट झाल्या. त्याच सुमारास मदतीचा ओघ आटू लागला. १९७३ च्या आर्थिक वर्षात लष्करी मदत २०० कोटी डॉलरांच्या वर होती. पुढच्या वर्षी ती निम्म्यावर आली. आणि १९७४ च्या उन्हाळ्यात काँग्रेसने त्यापुढील वर्षासाठी १०० कोटींपर्यंत परवानगी देऊन प्रत्यक्षात तरतूद केली ती ७० कोटींची. या सत्तर कोटींतच सायगॉनमधल्या अमेरिकन लष्करी कचेरीचा खर्चही धरलेला होता! रक्कम घटली आणि त्या रकमेत मिळणारा मालही घटला, असा हा दुहेरी मार होता.

परिणाम शिपायापर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. तोफांचे गोळे मोजून मिळू लागले. दोनशेच्या आसपास विमाने उडविण्याऐवजी झाकून ठेवावी लागली. इस्पितळात एकदा वापरून टाकायच्या सुया आणि रक्ताळलेले बँडेजचे पट्टे धुऊन पुन्हा वापरू लागले. जखमीला न्यायला हेलिकॉप्टर येईल की नाही याची शाश्वती उरली नाही. अमेरिकन छावण्या उठल्यामुळे तिथे काम करणाऱ्या हजारो लोकांची भाकरी गेली होती, महागाई भडकली होती, आणि शिपायाचा पगार घरच्यांच्या पोटाला पुरत नव्हता. आता तुम्हीच सांगा, ज्याला गोळी मोजून मिळते आणि तांदूळही मोजूनच मिळतो, तो शिपाई रात्रीच्या पहाऱ्यावर कसला विचार करीत असेल?

सायगॉनमधल्या अमेरिकन लष्करी कचेरीचे प्रमुख जनरल मरे यांनी १९७४ मध्ये एक हिशेबच मांडला होता. इतके कोटी दिलेत तर इतका मुलुख राखता येईल, त्याहून कमी दिलेत तर इतका सोडावा लागेल, आणि अगदीच खाली गेलात तर हा देश बुडीत खाती घाला. हिशेब वाचताना अंगावर काटा येतो, पण तो खोटा नव्हता.

इथवर सांगितला तो टंचाईचा भाग. पण निव्वळ टंचाईने देश पडतोच असे नाही. कालव्याखालच्या शेतकऱ्याचे पाहा. यंदा पाटाला पाणी नाही असे आधीच कळले, तर तो ज्वारी पेरतो, चार जनावरे विकतो आणि वर्ष काढतो. पण पाणी येणार, येणार म्हणून त्याने ऊस लावला आणि मग एक पाळी चुकली, दुसरी पाळी उशिरा आली, तिसरीचा पत्ताच नाही, तर त्याचा ऊसही जातो आणि ज्वारीही. थिऊंचे हेच झाले. मुलुखाचा एक तुकडाही सोडायचा नाही, कम्युनिस्टांना सत्तेत वाटा द्यायचा नाही, असे त्यांनी जाहीर करून ठेवले होते. त्यासाठी सैन्य डोंगरापासून समुद्रापर्यंत पातळ पसरून ठेवले. वेळ आली की अमेरिकेची अजस्र बॉम्बफेकी विमाने येतील, या भरवशावरच ती मांडणी होती. विमाने येणार नाहीत असे १९७३ सालीच कोणी ठाम सांगितले असते, तर कदाचित त्यांनी वर्षभर सवडीने काही मुलुख सोडून सैन्य आवळून घेतले असते, किंवा वाटाघाटीला बसले असते. 'नाही' कोणी म्हणेना आणि 'होय'चा प्रत्यय येईना.

ही जुन्या काळची गोष्ट वाटत असेल तर युक्रेनकडे पाहा. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी युक्रेनसाठी सुमारे ६,१०० कोटी डॉलरांची मदत मागितली. ती काँग्रेसमध्ये अडकली ती एप्रिल २०२४ पर्यंत. मदत नाकारली कोणीच नव्हती. पण त्या सहा महिन्यांत पुढच्या महिन्यात किती गोळे येतील हे युक्रेनच्या सेनापतींना सांगता येईना, आणि फेब्रुवारीत आवदिव्का हे शहर हातचे गेले. मार्च २०२५ मध्ये पुन्हा आठवडाभर मदत आणि हेरखात्याची माहिती दोन्ही रोखली गेली आणि मग सुरू झाली. एक फरक मात्र सांगितला पाहिजे. युक्रेनने या काळात स्वतःच्या कारखान्यांत लाखोंनी ड्रोन तयार करायला घेतले आणि युरोपातले इतर देशही त्याच्या पाठीशी होते. सायगॉनला दुसरे दारच नव्हते.

पुन्हा सायगॉनकडे वळू. मित्राची चलबिचल मित्राइतकीच, किंबहुना अधिक बारकाईने, शत्रू वाचीत असतो. हानोयचे पुढारी वॉशिंग्टनमधली वर्तमानपत्रे आणि काँग्रेसमधली मते मोजीत होते. ९ ऑगस्ट १९७४ ला निक्सन यांना वॉटरगेट प्रकरणात राजीनामा द्यावा लागला. पत्र लिहिणारा माणूसच गेला. तरी खात्री करून घ्यावी म्हणून उत्तरेने फुओक लाँग या प्रांतावर हल्ला केला. ६ जानेवारी १९७५ रोजी तो अख्खा प्रांत पडला. सायगॉनच्या उत्तरेला, फार दूर नव्हे. अमेरिकेने निषेध केला. विमान एकही आले नाही. त्या वेळी हानोयमध्ये त्यांच्या पक्षश्रेष्ठींची बैठक चालूच होती. दोन वर्षांत युद्ध संपवायचे अशी त्यांची योजना होती; संधी मिळाली तर ती एका वर्षात आटपावी, असे ठरले. एक आणखी सांगतो. हानोयलाही मित्रांचा हा अनुभव नवा नव्हता. १९५४ साली जिनिव्हात रशिया आणि चीन यांच्याच आग्रहाने त्यांना अर्ध्या देशावर समाधान मानावे लागले होते. तेव्हापासून मदत दोघांची घ्यावी पण निर्णय आपला आपण करावा, हे त्यांनी मनाशी बांधले होते.

फेब्रुवारीअखेर अमेरिकन काँग्रेसच्या सभासदांचे एक मंडळ सायगॉनला येऊन गेले. नवे अध्यक्ष फोर्ड यांनी ३० कोटींची जादा मदत मागितली होती; तिचा निकाल लागत नव्हता. मग १० मार्चला उत्तरेने मध्य पठारावरील बान मे थुओट या गावावर झडप घातली. गाव गेले. १४ मार्चला कामरानच्या बैठकीत थिऊंनी एकाएकी उलटा निर्णय घेतला. दोन वर्षे एक तुकडा सोडायचा नाही म्हणणाऱ्या माणसाने सबंध पठार सोडण्याचा हुकूम दिला, आणि तोही गुपचूप, दोनचार दिवसांत! वाट निवडली ती जुनी, मोडक्या पुलांची, वापरात नसलेली. या सैन्यात शिपायांची बायकामुले त्यांच्याबरोबरच छावणीत राहत. सैन्य निघाले तसे कुटुंबे निघाली, कुटुंबे निघाली तसे गाव निघाले. लाखाच्या वर माणसे त्या एका रस्त्यावर अडकली. वरून तोफा, पुढे नदी. किती मेली याचा धड हिशेब लागलेला नाही. जे सैन्य समुद्रापर्यंत पोहोचले ते सैन्य म्हणून उरलेच नव्हते.

त्याच दिवसांत उत्तर टोकावरची छत्रीधारी सैनिकांची डिव्हिजन राजधानीच्या रक्षणासाठी माघारी बोलावली गेली. ती ट्रकमधून जाताना लोकांनी पाहिली, आणि एक अफवा वणव्यासारखी पसरली: मोठ्यांनी आपसांत सौदा केला आहे, उत्तरेकडचे प्रांत देऊन टाकले आहेत. असा सौदा झालेला नव्हता. पण ज्या मित्राचे काय चालले आहे हे दोन वर्षे कोणालाच कळले नव्हते, त्याच्याविषयी कोणतीही गोष्ट खरी वाटते. ह्युए २५ मार्चच्या सुमारास पडले, दा नांग २९ ला. कित्येक ठिकाणी लढाई झालीच नाही. अधिकारी आपापली कुटुंबे शोधायला गेले आणि पलटणी विरून गेल्या.

अमेरिकेची बाजूही ऐकली पाहिजे. तिची ५८,००० माणसे या युद्धात गेली होती. आठ-दहा वर्षे 'थोडे आणखी द्या, विजय जवळ आहे' हे ऐकून तिथला मतदार विटला होता. सायगॉनच्या सरकारात लाचलुचपत मुबलक होती. हजेरीपटावर असलेले पण प्रत्यक्षात नसलेले शिपाई आणि त्यांचे पगार खाणारे अधिकारी, हे काही शत्रूने रचलेले कुभांड नव्हते. तेव्हा आणखी तीस कोटींनी देश वाचला असता काय, यावर इतिहासकारांचे आजही एकमत नाही. मला तसे वाटत नाही. पण ज्या रीतीने तो पडला, पंचावन्न दिवसांत आणि रस्त्यावर बायकामुलांना घेऊन, ती रीत मात्र डळमळत्या आधारानेच ठरविली असे माझे मत आहे.

१० एप्रिल १९७५ ला फोर्ड यांनी काँग्रेसपुढे ७२ कोटी २० लाख डॉलरांची मागणी ठेवली. ती मान्य झाली नाही. २१ एप्रिलला थिऊंनी राजीनामा दिला आणि त्या भाषणात अमेरिकेला भरभरून दोष दिला. ३० एप्रिलला उत्तरेचे रणगाडे सायगॉनच्या राजवाड्याच्या फाटकातून आत गेले. त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये थिऊंच्या एका माजी मंत्र्याने पत्रकारांना बोलावले आणि निक्सन यांची ती पत्रे त्यांच्यापुढे ठेवली. अमेरिकेच्या काँग्रेसमधल्या बहुतेकांनी ती दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांतून प्रथमच वाचली.