कृष्णेत पाणी किती?

नदीची लांबी विचारली, तर एका आकड्यात उत्तर देता येते. महाबळेश्वरजवळ उगम पावणारी कृष्णा सुमारे १,४०० किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. पण ‘कृष्णेत पाणी किती?’ या प्रश्नाचे उत्तर इतके सरळ नाही, कारण पाऊस दरवर्षी सारखा पडत नाही. तरीही महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण आणि आंध्र प्रदेश यांच्यात वाटणी करायची, तर एक आकडा ठरवावाच लागतो. तो कसा ठरवतात, ते पाहू.

प्रथम एक लहान तलाव घेऊ. समजा, आठ वर्षांत त्यात आलेले पाणी मोजले आणि आकडे उतरत्या क्रमाने मांडले : ९०, ८०, ७५, ६०, ५५, ५०, ४०, २५. यांची सरासरी सुमारे ५९ येते. पण सरासरी धरून पिकांची आखणी केली, तर आठांपैकी चार वर्षे पाणी कमी पडेल. ५० हा आकडा धरला, तर सहा वर्षे, म्हणजे ७५ टक्के वर्षे, तेवढे पाणी मिळेल. यालाच ७५ टक्के विश्वासार्हतेचे पाणी म्हणतात. आपल्याकडे सिंचन प्रकल्पांना सामान्यतः हाच निकष लावतात.

१९६९ मध्ये नेमलेल्या बच्छावत लवादाने कृष्णेच्या ७८ वर्षांच्या नोंदींवरून असे पाणी २,०६० टीएमसी ठरवले. (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २.८३ कोटी घनमीटर.) १९७३ च्या निवाड्यात त्यातले ५६० महाराष्ट्राला, ७०० कर्नाटकाला आणि ८०० तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशाला मिळाले. उरलेले जादा पाणी आंध्राने वापरावे, पण त्यावर हक्क सांगू नये, असेही ठरले.

पुढे २००४ मध्ये ब्रिजेशकुमार लवाद नेमला गेला. त्याने १९६१-६२ ते २००७-०८ या ४७ वर्षांच्या नोंदी घेतल्या. त्यांवरून ७५ टक्के विश्वासार्हतेचे पाणी २,१७३ टीएमसी, ६५ टक्क्यांचे २,२९३ आणि सरासरी २,५७८ टीएमसी निघाली. २०१० च्या निर्णयात लवादाने सरासरीपर्यंतचे पाणी वाटून दिले. नोंदी त्याच, पण निकष सैल करताच वाटपाचे पाणी ४०५ टीएमसीने वाढते. एवढ्या पाण्यात उजनीसारखी जवळजवळ साडेतीन धरणे भरतील!

अर्थात, यामुळे नदीतले पाणी वाढत नाही. वाढतात ती तुटीची वर्षे. मोठ्या जलाशयांत चांगल्या वर्षाचे पाणी पुढच्या वर्षासाठी राखता येते, हा निकष सैल करण्यामागचा आधार आहे. पण लागोपाठ दोन-तीन वर्षे पाऊस कमी झाला, की हा साठाही संपतो.

मग तूट कोणाच्या वाट्याला येते? सह्याद्रीत पडलेला पाऊस आधी कोयनेसारखी वरची धरणे भरतो, मग कर्नाटकातले अलमट्टी आणि त्यानंतर श्रीशैलम व नागार्जुनसागर. साहजिकच कमी पावसाच्या वर्षी खालच्या शेतकऱ्याला सर्वांत जास्त वाट पाहावी लागते. म्हणूनच अलमट्टीची पाणीपातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याला खालच्या राज्यांचा विरोध आहे. वरच्या बाजूला सांगली-कोल्हापूरच्या लोकांची भीती वेगळी आहे : ती पुराच्या फुगवट्याची. ब्रिजेशकुमार लवादाचा निर्णय राजपत्रात प्रसिद्ध करण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मनाई केली.

थोडक्यात, गणिताने सांगता येते ते एवढेच, की कोणता आकडा किती वर्षे खरा ठरेल. तुटीच्या वर्षी कोणी किती सोसायचे, हे माणसांनी बसून ठरवावे लागते, आणि ते कालवे खोदण्यापूर्वी ठरलेले बरे. एकदा कालव्याच्या भरवशावर ऊस उभा राहिला, की मागे फिरणे अवघड होते.

वर्गात हा प्रयोग जरूर करून पाहा. आपल्या तालुक्याच्या पावसाचे गेल्या २० वर्षांचे आकडे मिळवा आणि उतरत्या क्रमाने लिहा. पंधरावा आकडा म्हणजे ७५ टक्के विश्वासार्हतेचा पाऊस. मग विद्यार्थ्यांना विचारा : गावाच्या पिण्याच्या पाण्याची योजना आखायची, तर यांतला कोणता आकडा धराल? आणि ऊस लावायचा, तर कोणता?