नाल्यावरची बदकं आणि आबाजींचं गणित

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. पण हा विषय मराठीतच लिहायला हवा, कारण तो मला आबाजींनी वणीला, वऱ्हाडीत शिकवला.

वणीजवळून निर्गुडा नदी वाहते. तिकडच्या लहान नाल्यांवर आबाजी १९७० च्या आधी भरमार बंदूक घेऊन बदकं मारायला जायचे. तलावावर बदक माणसाला लांबूनच पाहतं, कारण त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. नाल्याचं तसं नाही. तिथे उंच काठ आणि वळणं आड येतात. वळणाच्या आतल्या बाजूला धार मंदावते, गाळ साचतो, खायला मिळतं, म्हणून बदकं तिथेच बसतात. शिकारी काठाआडून वाकत जायचा. हळदी-कुंकू बदक पाण्यावर न धावता थेट वर उसळतं. नेम धरायला तेवढाच वेळ!

इथे आपलं फिजिक्स येतं. समजा, बदक ताशी ६० किमीने उडतंय, म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. अंतर ३० मीटर आणि छऱ्याचा सरासरी वेग सेकंदाला ३०० मीटर धरा. छर्रा पोचायला ०.१ सेकंद, तेवढ्यात बदक १.७ मीटर पुढे! म्हणून आबाजी म्हणतात, "बदकावर नाही बाबू, त्याच्या समोर मारा लागते."

हे सगळं मी मेसमध्ये फुशारकीने सांगितलं आणि आमच्या विंगमधले दोघं दिवाळीत एअरगन घेऊन वणीला यायला तयार! चूक माझीच, मी अर्धीच गोष्ट सांगितली होती. उरलेली अशी: १९७२ च्या वन्यजीव कायद्यात लहान शिकारीला परवाना मिळायचा, १९९१ च्या दुरुस्तीने तोही बंद झाला. आज एअरगन, गलोल, फासा, सगळी शिकारच, अंडी उचलणंसुद्धा. शिक्षा तुरुंगाची. शिवाय वाया गेलेले शिशाचे छर्रे गाळात राहतात. बदकं दाणे दळायला खडे गिळतात, त्यांत छर्रेही जातात आणि विषबाधा होते. अमेरिकेत म्हणूनच १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छऱ्यांना बंदी आहे.

शेवटी दोघंही आले, पण दुर्बीण घेऊन. आबाजी पुढे, आम्ही वाकून मागे. वळणावर हळदी-कुंकू उसळली. आबाजींचा हात सवयीने वर गेला, मग खाली आला. म्हणाले, "आता मोजा."

सहा होती. या हिवाळ्यात तुमच्या गावच्या नाल्यावरही जाऊन मोजा.